कॅपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट यात नेमका फरक काय, आणि घरी दुधाला कॅफेसारखा फेस कसा आणायचा

प्रश्न दोन आहेत. पहिला, कॅफेत कॅपुचिनो, लाटे आणि फ्लॅट व्हाइट तिन्ही मागवून पाहिलं, तिन्ही जवळपास सारखंच लागलं, मग वेगवेगळे पैसे कशाचे. दुसरा, घरी छोटं मशीन आणलंय पण दुधावर नुसते मोठेमोठे बुडबुडे येतात, दोन मिनिटात बसतात आणि खाली साधं गरम दूधच उरतं, तर दाट फेस कसा आणायचा आणि दूध कुठलं घ्यायचं. मी बरीच वर्षं एस्प्रेसो मशीनमागे उभा राहिलोय आणि आता पुण्यात नवीन मुलामुलींना हेच काम शिकवतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी हे की तुमच्या जिभेत काही गडबड नाहीये. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती तिन्ही खरोखर एकच कॉफी असते. कप तोच अडीचशे मिलीचा, शॉट तोच, दूधही एकाच जगमध्ये गरम केलेलं, कॅपुचिनोवर चॉकलेट पावडर भुरभुरली आणि लाटे काचेच्या ग्लासात ओतली की झाले दोन वेगळे आयटम. दुधाच्या कॉफ्यांमधला सगळा फरक दोनच गोष्टींवर असतो, एका शॉटला दूध किती आणि त्या दुधात हवा किती. ह्या दोन गोष्टी बदलल्या नाहीत तर मेनूवर काहीही नाव लिहा, चव तीच येणार.

शॉट म्हणजे एस्प्रेसो, आणि ते नीट कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं म्हणून थोडं त्यावर. बारीक दळलेली कॉफी, ९० ते ९६ अंशाचं पाणी आणि साधारण ९ बार दाब (म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट), एवढ्यातून पंचवीस-तीस सेकंदात जे घट्ट द्रव खाली पडतं ती एस्प्रेसो. हल्ली बहुतेक कॅफेत डबल शॉटच काढतात, १८ ग्रॅम पावडर घालून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. इटलीतला सिंगल शॉट छोटा असतो, सात ग्रॅम पावडर आणि पंचवीस मिली कॉफी. वर जो सोनेरी-तपकिरी थर येतो तो क्रेमा. मजा म्हणजे सुरुवातीच्या मशीनमधून क्रेमा यायचाच नाही, मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते मशीन वाफेच्या दाबावर चालायचं आणि वाफेचा दाब दीड-दोन बारच्या फार वर जात नाही. १९४८ मध्ये गाज्जिया कंपनीची लिव्हरवाली मशीनं आली, माणूस दांडा खाली ओढणार आणि आतली स्प्रिंग पाणी दाबणार, तेव्हा कुठे तो थर दिसायला लागला, आणि १९६१ मध्ये फाएमा कंपनीने ई-६१ नावाचं मशीन काढलं त्यात दाबाचं काम पंप करायला लागला. हल्लीच्या मशीनांचा पाया तोच. म्हणजे आपण ज्याला आज एस्प्रेसोची चव म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे.

हे सांगायचं कारण, घरी मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, असणाऱ्यांना वाटतं आपण एस्प्रेसो करतोय. १९३३ पासूनचं ते इटालियन भांडं झकास आहे, मला स्वतःला सकाळी तेच लागतं, पण दाब तिथेही दीड-दोन बारच. कॉफी कडक येते, दुधात छान चालते, क्रेमा मात्र विसरा. आणि बाजारात चार-पाच हजारात "साडेतीन बार" असं लिहिलेली मशीनं मिळतात त्यांच्यातही पंप नसतो, बंद टाकीत पाणी उकळून वाफच ते ढकलते, त्यामुळे कॉफी मोका पॉटच्या जातीचीच येते, फक्त बाजूला वाफेची नळी दिलेली असते.

आणि आपली लग्नातली एक्स्प्रेसो! हॉलच्या कोपऱ्यात तो पितळी-स्टीलचा उभा बंब, माणूस मगात दूध, साखर, इन्स्टंट कॉफी एकत्र घेतो, नळी आत घालतो, हॉलभर ऐकू जाईल असा आवाज, आणि वर फेस, त्यावर चॉकलेट पावडर. त्यात एस्प्रेसोचा थेंब नसतो, पण मला ती आवडते आणि तिला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की आपल्याकडच्या कित्येक लोकांच्या मनात कॅपुचिनोचं चित्र ह्याच मगातून आलंय, खूप फेस, खूप गोड, जीभ भाजेल इतकी गरम, आणि खरी कॅपुचिनो समोर आली की ते म्हणतात ही कोमट आहे, परत गरम करून द्या. रोज ऐकतो.

आता एकेक कॉफी. सगळ्यात कमी दुधाची मॅकियाटो, एस्प्रेसोवर एक-दोन चमचे फेसाळ दूध, बास. मोठ्या साखळी कॅफेत कॅरमेल मॅकियाटो म्हणून जो उंच ग्लास मिळतो त्याचा हिच्याशी काही संबंध नाही, ती व्हॅनिला-कॅरमेल घातलेली लाटे आहे, फक्त दूध आधी आणि शॉट वरून. मग स्पेनची कॉर्टाडो, जेवढी एस्प्रेसो जवळजवळ तेवढंच दूध, फेस नावाला. ज्यांना काळी कॉफी कडू लागते आणि लाटे पांचट लागते त्यांनी ही एकदा मागवून बघाच, आपल्याकडे अजून कमी ठिकाणी मिळते पण सांगितलं तर कुठलाही चांगला बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी करणारा, करून देईल.

कॅपुचिनोबद्दल एक गोष्ट सगळीकडे छापलेली असते, एक तृतीयांश कॉफी, एक तृतीयांश दूध, एक तृतीयांश फेस. ऐकायला छान आहे, पण करून बघा, दीडशे मिलीच्या कपात पन्नास मिली एस्प्रेसो म्हणजे इटालियन मापाने दोन शॉट, आणि वर दूध तेवढंच, इटलीत असं कोणी देत नाही. तिथे एस्प्रेसोचा दर्जा ठरवणारी एक संस्था आहे, तिचं माप पंचवीस मिली एस्प्रेसो आणि शंभर मिली थंड दूध, ते दूध वाफेने फुगून सव्वाशे मिली होतं, सगळं मिळून दीडशे-एकशे साठ मिलीच्या कपात. म्हणजे कॉफीच्या पाचपट फेसाळ दूध, आणि फेस वर वेगळा टोपीसारखा नाही तर दुधात मुरलेला. आपल्याकडे त्यापेक्षा फेस जरा जास्त ठेवतात, मीही एक सेंटीमीटरच्या वर ठेवतो कारण गिऱ्हाइकाला ओठाला फेस लागला नाही तर कॅपुचिनो वाटत नाही. वर चॉकलेट पावडर हवी का? ऑस्ट्रेलियात जवळपास सक्तीची, इटलीत मागितली तर. तुम्हाला आवडते तर घाला, फक्त ती दूध ओतायच्या आधी एस्प्रेसोवर टाकली तर जास्त मिसळते, वरून टाकली तर नुसती नाकात जाते.

फ्लॅट व्हाइट कोणाची यावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं भांडण अजून मिटलेलं नाही, दोघंही १९८० च्या दशकाचा दाखला देतात. आपल्याला काय त्याचं. कप दीडशे ते एकशे ऐंशी मिली, आत डबल शॉट, दुधात हवा अगदी थोडी, वर पाच मिलीमीटरचा चकचकीत थर. म्हणजे कप कॅपुचिनोएवढाच पण कॉफी दुप्पट आणि फेस निम्मा. पैसे जास्त घेतात ते त्या दुसऱ्या शॉटचे. स्टारबक्सने २०१५ मध्ये अमेरिकेत ती आणली आणि तिथून ती सगळ्या मेनूंवर चढली, पण मोठ्या कपात फ्लॅट व्हाइट मिळत असेल तर ती लाटेच आहे, सरळ सांगतो.

लाटे म्हणजे दूध जास्त, अडीचशे-तीनशे मिलीचा कप, त्यात एक किंवा दोन शॉट, फेस फ्लॅट व्हाइटपेक्षा किंचित जास्त. इटलीत काउंटरवर जाऊन नुसतं "लाटे" म्हणालात तर दुधाचा ग्लास हातात येईल, फिरायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मोका म्हणजे लाटेत चॉकलेट. अमेरिकानो आणि लाँग ब्लॅक ह्या दोन्ही दुधाशिवायच्या, गरम पाणी अधिक एस्प्रेसो, फक्त लाँग ब्लॅकमध्ये पाणी आधी असतं आणि शॉट वरून येतो म्हणून क्रेमा टिकतो, आणि पाणीही कमी घालतात. आइस्ड लाटेत थंड दूध, बर्फ, शॉट, फेसाचा प्रश्नच येत नाही. आणि आपली मिक्सरमधली आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी हा वेगळाच पदार्थ आहे, तिची तुलना कशाशी करू नये.

फिल्टर कॉफी यात कुठे बसते असं नेहमी विचारतात. माटुंग्याला किंवा पुण्यात कुठल्याही उडप्याकडे मिळते ती कापी दाबाने काढलेली नसते, डिकॉक्शन थेंबथेंब गळतं, आणि बहुतेक वेळा पावडरीत चिकोरी असते. पाकिटावर बघा, कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे असा नियम आहे, बाकीचं चिकोरी असू शकतं. चिकोरीमुळे ती काळीकुट्ट आणि घट्ट दिसते पण चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं, म्हणजे रंग बघून कॉफी स्ट्राँग समजू नका. आणि तिथला फेस? डबरा-टंबलरमध्ये वरून खाली ओततात, दूध पडताना हवा सोबत घेऊन जातं. साधी पद्धत, पण दुधाचा फेस होतो कसा ते यातून बरोबर कळतं.

दुधातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ आवरण धरतात म्हणून बुडबुडा फुटत नाही, पाण्यात असं धरायला कोणी नसतं. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पितात त्यावर फेस असतो, तिथे ना मशीन ना वाफ, फक्त धारेच्या जोराने हवा आत गेलेली असते. म्हणजे फेस यायला हवा आणि प्रथिनं पुरतात. पण तो फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो. कॉफीला हवाय तो असा की बुडबुडा डोळ्याला दिसताच कामा नये, दूध डब्यातल्या ताज्या ऑइल पेंटसारखं चकचकीत, जग हलवला की कडेला जाड लाट यायला हवी. त्यासाठी हवा घातल्यानंतर तिचे तुकडे करावे लागतात, आणि घरी ९० टक्के लोकांचं अडतं ते इथेच, हवा घालतच राहतात, बारीक करतच नाहीत.

दुधाचं बघू. फॅट जास्त तर फेस जास्त असा समज आहे, तो उलटा आहे. फेस उभा राहतो प्रथिनांवर, फॅट त्याला थोडा अडथळाच करतं, पण तोंडात जो गुळगुळीतपणा आणि गोडवा लागतो तो फॅटशिवाय येत नाही. स्किम दुधाचा फेस डोंगराएवढा होतो आणि खाताना कोरडा लागतो. आपल्या पिशव्यांवर टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, स्टँडर्ड साडेचार, फुल क्रीम ६. शिकणाऱ्याने गायीचं साडेतीन टक्क्यांचं किंवा टोन्ड दूध घ्यावं, ते सगळ्यात सोपं वागतं. हात बसला की स्टँडर्डवर जा, चव त्यात जास्त चांगली येते. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त आणि फॅटही जास्त, फेस जड आणि दाट येतो, फिल्टर कॉफीला ते छान पण हलक्या भाजणीच्या अरेबिकाची (कॉफीचा नाजूक चवीचा प्रकार) चव त्यात बुडून जाते. रोबस्टा (कॉफीचा कडक, कडवट प्रकार) मिसळलेलं ब्लेंड असेल तर मात्र म्हशीचं दूधही झेपतं. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच बरीच जास्त आहे, तेव्हा असं ब्लेंड मिळायला अडचण नाही, शिवाय क्रेमाही त्याने जाड येतो.

सगळ्यात महत्त्वाचं आता. आपल्या घरात दूध आलं की आधी तापवायचं ही सवय. सुटं दूध असेल तर तापवलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, पिशवी फुगलेली नाही, तारीख गेलेली नाही आणि ती फ्रिजमध्येच राहिलेली आहे एवढी खात्री असेल तर कॉफीसाठी ते न तापवता थेट थंडगार जगमध्ये ओता. तापवून गार केलेल्या दुधाची साय धरते, सायीबरोबर थोडी प्रथिनं आणि बरंच फॅट निघून जातं, आणि सायीचे बारीक कण फेसात राहिले तर तो कधीच चकचकीत होत नाही. आई तापवल्याशिवाय दूध वापरूच देत नाही अशी घरं मला माहितीयेत, तिथे सायसकट नको, बारीक गाळणीतून दोनदा गाळून, फ्रिजमध्ये चांगलं गार करून मग घ्या, जमतं. टेट्रा पॅकचं दूध फेसाला एकदम आज्ञाधारक असतं, फक्त त्याला उकळल्याचा वास असतो. आणि शिळं, आंबूसपणाकडे झुकलेलं दूध वापरू नका, फॅट मोडायला लागलं की त्यातली आम्लं बुडबुडे फोडतात, कालपर्यंत छान फेस येत होता आज काही केल्या येत नाही असं झालं तर मशीनला शिव्या घालायच्या आधी दूध बदला.

सोया दूध आंबट कॉफीत फाटतं, ओट मिल्क घ्यायचं तर बरिस्ता लिहिलेलं घ्या, त्यात तेल आणि आम्लपणा सांभाळणारे क्षार घातलेले असतात, साध्या ओट मिल्कचा फेस टिकत नाही. बदामाच्या दुधाबद्दल मला बोलवत नाही.

आता वाफेच्या नळीचं काम. जग स्टीलचा, चोच असलेला, तीनशे-साडेतीनशे मिलीचा, त्यात दूध चोच जिथे सुरू होते त्याच्या जरा खालपर्यंत, म्हणजे दीडशे मिलीच्या आसपास. जास्त भरलं तर उतू जातं, फार कमी असेल तर फिरायच्या आत तापून जातं. नळी आधी दोन सेकंद मोकळी सोडून द्या, आत साचलेलं पाणी निघून जाईल, नाही तर ते तुमच्या दुधात. मग नळीचं टोक दुधात जेमतेम बुडेल एवढंच, मध्यभागी नाही, मध्य आणि कड यांच्या अधेमधे, जग किंचित तिरका, आणि वाफ पूर्ण उघडा. अर्धवट उघडू नका, भीती वाटते म्हणून सगळे अर्धवट उघडतात आणि मग दूध फिरतच नाही.

आता आवाज ऐका. टोक पृष्ठभागाशी असेल तर थांबून थांबून चर्र चर्र असा हलका आवाज येतो, तीच हवा आत जातेय. कर्कश किंचाळी आली म्हणजे टोक खोल गेलंय आणि हवा अजिबात जात नाही, भडभड करून दूध उडायला लागलं तर टोक बाहेर आलंय. ही हवा घालायची ती फक्त दूध थंड असेपर्यंत, म्हणजे जगाच्या बाहेर तळहात लावला की ना गार ना गरम लागतं, ३५-३७ अंश, तिथपर्यंत. कॅफेच्या मशीनवर हे पाच-सहा सेकंदात होतं, घरच्या एका भोकाच्या नळीला दहा-पंधरा लागतात. लाटे किंवा फ्लॅट व्हाइट करायची तर त्यातली निम्मीच वेळ हवा घाला, दीडशेचं दूध एकशे ऐंशीच्या आसपास झालं की पुरे, कॅपुचिनोला दोनशेपर्यंत जाऊ द्या. कॅपुचिनो आणि लाटे जगमध्येच वेगळी होतात ती इथे, एवढ्या थोड्या सेकंदात.

मग जग अगदी किंचित वर उचला, टोक सेंटीमीटरभर आत जाईल, चर्र आवाज बंद व्हायला हवा, आणि दूध भोवऱ्यासारखं गोल फिरायला हवं. फिरत नसेल तर जगाचा कोन किंवा नळीची जागा थोडी बदला, कुठेतरी ते पकडतंच. हा भोवराच मोठे बुडबुडे आत ओढून त्यांचे तुकडे करतो, पहिल्या भागात थोडं चुकलं असेल तर तेही हा निस्तरतो. ६० अंशाला बंद करा, थर्मामीटर असेल तर ५७-५८ लाच, कारण काटा मागे असतो आणि दूध अजून थोडं चढतं. थर्मामीटर नसेल तर जगावर तळहात ठेवा, दोन-तीन सेकंदांच्या वर धरवत नाही झालं की थांबा. ६० ते ६५ मध्ये दूध सगळ्यात गोड लागतं, सत्तरच्या वर गेलं की प्रथिनांची घडण बिघडते, उकळलेल्या दुधाचा वास येतो, फेस कोरडा होऊन वर तरंगतो. कॉफी कोमट म्हणून परत पाठवणाऱ्यांना हेच समजावतो, कधी ऐकतात कधी नाही, नाही ऐकलं तर कप आधी गरम पाण्याने तापवून देतो, पाच अंशांची समजूत निघते.

वाफ बंद केली की नळी ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि पुन्हा दोन सेकंद सोडा. हे दुसऱ्यांदा सोडणं लोक टाळतात, पण वाफ गार होऊन आकसली की नळीत पोकळी होते आणि ती दूध आत ओढून घेते, ते आत वाळतं, दुसऱ्या दिवशी भोक बुजलेलं, आठवड्यानंतर वास.

दूध तयार झालं की जग ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा, मग गोल गोल फिरवत राहा, ठेवून देऊ नका, कारण फेस वर आणि दूध खाली असं वेगळं व्हायला अर्धा मिनिट पुरतं. तुमच्या घरी खाली साधं दूध उरतं ते यामुळेही. पहिल्यांदा उंचावरून बारीक धारेने ओता म्हणजे दूध क्रेमाच्या खाली जाईल, कप अर्धा भरला की जगाची चोच जवळजवळ कॉफीला टेकवा आणि धार वाढवा, पांढरं वर यायला लागतं. हार्ट वगैरे नंतर, आधी सगळ्या कपभर एकसारखं मिसळलेलं यायला हवं. उरलेलं दूध पुन्हा फ्रॉथ करायला जाऊ नका, ते आधीच गरम आहे, हवा घालायला वेळच मिळत नाही, आणि दुसऱ्यांदा तापवल्याचा वास लागतो. त्या दुधाचा चहा करा. साखरही जगमध्ये नाही, कपात, नाही तर नळीवर जळून बसते.

मशीन नसेल तर? फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं कॉफीचं उभं भांडं, असेल तर तोच सगळ्यात चांगला. दूध गॅसवर ६० अंशापर्यंत गरम करा, हलकी वाफ दिसायला लागली की लगेच उतरवा, उकळी नको, प्रेस एक तृतीयांशच भरा, दांडा आधी पृष्ठभागाशी जोरात दहा-बारा वेळा, मग पूर्ण खाली ठेवून छोटे छोटे धक्के वीस-एक. तत्त्व तेच, आधी हवा, मग बारीक करणं. सेलवर चालणारा छोटा फ्रॉथर तीनशे-चारशेत मिळतो, तो आधी वर धरा आणि मग तळाशी, शेवटपर्यंत वरच धरला तर तेच मोठे बुडबुडे. ताकाची रवी असेल तर उंच भांड्यात तीही चालते, हात दुखतो एवढंच. बरणीत घालून हलवणं पण होतं पण गरम दूध बंद बरणीत जोरात हलवताना झाकण उडू शकतं, थंड दूध हलवून फेसाळून मग झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट ठेवा, तो फेस तापून थोडा घट्ट होतो. फेटलेली कॉफी, जी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दालगोना म्हणून सगळ्यांनी केली, ती तर आपल्याकडे पूर्वीपासून कपात चमच्याने फेटतातच, तिथे फेस दुधाचा नसून इन्स्टंट कॉफीचा आणि साखरेचा असतो, म्हणून ती ताज्या दळलेल्या कॉफीने होत नाही, प्रयत्न करू नका.

सराव करताना दूध वाया घालवायची गरज नाही. जगमध्ये थंड पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच छोटा थेंब टाका, दुधासारखंच वागतं, हवा, भोवरा, चकाकी सगळं दिसतं. मी मुलांना पहिल्या दिवशी दूध हातात देतच नाही. नंतर जग आणि नळी मात्र खळखळून धुवा, नळीतून वाफही सोडा.

तुमच्या मशीनचं म्हणाल तर मॉडेल लिहिलेलं नाही, पण पंपवालं, एक बॉयलरचं (कॉफी आणि वाफ दोन्हीला पाणी तापवणारी एकच टाकी) असेल असं धरतो. आधी शॉट काढा, मग स्टीमचं बटण दाबून दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, आणि दिवा लागल्यावरही अर्धा मिनिट जाऊ द्या, पुरेशी गरम नसलेली वाफ ओली असते आणि दुधात नुसतं पाणी जातं. साडेतीन बारवालं असेल तर टाकीतलं सगळं पाणी कॉफीतच संपवू नका, वाफेला काही उरलं पाहिजे, त्यात निम्म्या कपाचंच दूध नीट होतं, जास्तीची अपेक्षा नको. बोअरचं पाणी घालत असाल तर बंद करा, क्षार बसून वाफेचा जोर कमी होतो आणि माणसाला वाटतं आपलाच हात चुकतोय. माहितीपत्रकात चालत असेल असं दिलं असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्याने दोन-तीन महिन्यातून एकदा टाकी साफ करा. आणि पुढे पैसे घालायचे झाले तर मोठ्या मशीनच्या आधी ग्राइंडर घ्या, कारण दूध कितीही सुंदर झालं तरी तयार पावडरीचा शॉट सात-आठ सेकंदात घळाघळा वाहून गेला तर त्या दुधाखाली कॉफी म्हणून काही राहत नाही.